वासुदेवरावांचं हसू

१

दर रविवारी दुपारी आमच्या गावच्या वाचनालयात जाहीर वाचन असे, आणि मी वेळेच्या आधी जाऊन दाराजवळच्या बाकावर बसत असे. उशिरा येणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं करण्यात माझा जन्म गेला. मला उशीर खपत नाही. आर्वीहून अर्धा तास एसटी, मग फाट्यावरून चालत, असं आमचं गाव. वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक लांब खोली. वर कवेलूंचं छप्पर, खाली फरशी, भिंतीला दोन कपाटं. आवाज तिथे जरा घुमतो.

शाळेतले प्रेमदास गुरुजी टेबलामागे उभे राहून माझ्या नवऱ्याची कादंबरी वाचत. 'बोंडगावची वरात'. विनोदी. वासुदेवराव जाऊन बारा वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या हयातीत ते बाड गावात कोणी हातात धरलं नाही, आणि आता पुण्याहून छापून आल्यावर त्याला सरकारी बक्षीस होतं, नागपूरच्या रेडिओवर त्याचे उतारे होते, वर्ध्याच्या कॉलेजातले प्राध्यापक त्यावर तासभर बोलत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही.

लोक हसायला यायचे. मी हसणाऱ्यांकडे बघायला जायचे.

त्या रविवारी गुरुजींनी वरातीतला घोडा पाटलाच्या माडीवर चढतो तो भाग काढला. खोली हसत सुटली. माझ्यासमोर निवृत्त पोस्टमास्तर लक्ष्मणराव बसले होते. एरवी ते हसत ते खो-खो, पोट धरून. आज त्यांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. नुसते खांदे हलले. मग नाकातून बारीक शीळ निघाली, किटलीतून निघते तशी, आणि त्यांचा हात डाव्या गुडघ्यावर पडला. दोनदा.

तसं एकच माणूस हसत असे. मागच्या खोलीत कंदिलापाशी लिहीत बसायचा, स्वतःच्याच ओळीवर खांदे हलवायचा, आणि मी स्वयंपाकघरातून ती शीळ ऐकून ओळखायचे की आज लिखाण जमलं.

लक्ष्मणरावांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि तो मांडीखाली दाबून बसले.

२

हसण्याची गोष्ट निघालीच आहे तर ती झडती सांगायला हवी.

आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली रांगेनं उभे करतात, आणि बैल सुटायच्या आधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून कोणाची तरी उडवलेली टर. शेवटी म्हणणारा 'हर बोला' करतो, आणि सारा गाव 'हर हर महादेव' म्हणून साथ देतो. ज्याच्यावर झडती झाली त्यानं तिथंच उलटी झडती म्हणायची, गावानं तिलाही साथ द्यायची, की झाली फिटंफाट. राग घरी न्यायचा नाही, असा रिवाज. बायका तोरणाखाली जात नाहीत. बैल दाराशी आले की पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची, एवढंच आमच्याकडे.

एकाहत्तर सालचा पोळा. यांनी कापसाच्या जिनिंगमधली मुनिमी सोडून वर्ष झालं होतं. घर माझ्या पगारावर चाले. कादंबरी पुरी झाली होती. त्यातला एक भाग यांनी भीत भीत बबनरावांना वाचून दाखवला. बबनराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, वाचनालयाचे अध्यक्ष, गावातले पट्टीचे झडतीवाले. ज्याच्या माडीवर घोडा चढतो तो पाटील म्हणजे आपणच, हे त्यांना पहिल्या पानावर कळलं असणार. त्यांनी पोळ्याची वाट पाहिली.

'शाई रे शाई, दौतीतली शाई,
वासुदेवाच्या घरी बायकोची कमाई!
बाई जाते शाळेत, गडी लिहिते बाड,
बैल म्हणते कडबा बरा, कागद लय जाड!
एक नमन गौरा पारबती, हर बोला!'

सारा गाव हसला म्हणे. कितीतरी वेळ. आणि ज्या माणसानं चारशे पानं हसवणारी लिहिली, त्याला उलटून एक ओळ सुचली नाही. तोंड उघडं ठेवून हे तोरणाखाली उभे राहिले. कोणी तरी कंटाळून बैल सोडले.

मला हे कोकिळेनं सांगितलं. आमची एकुलती मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, लक्ष्मणरावांच्या खांद्यावर बसून पोळा बघत होती. झडती तिला शब्दन् शब्द पाठ झाली होती. "आई, बाबांवर झडती झाली व," असं म्हणत ती टाळ्या पिटून हसत घरात आली. पोरच ते. तिला काय कळणार.

त्या दिवसापासून हे लिहिले नाहीत, हसले नाहीत, आणि जेवणही सोडत गेले. संक्रांतीच्या आत गेले. डॉक्टर म्हणाले कावीळ. असेल. पण यांना कोणी मारलं हे मला ठाऊक होतं, आणि मला सूड हवा होता. हे मी आडपडदा न ठेवता सांगते. बाड घेऊन मी पुण्याच्या प्रकाशकांचे उंबरे झिजवले ते साहित्याची सेवा करायला नाही. हे गाव ज्याच्यावर हसलं त्याच्यापुढं मला ते वाकलेलं बघायचं होतं.

३

लक्ष्मणरावांची बायको वारली तेव्हा नदीवर सारा गाव होता. परत आलेले पुरुष खाली बघत होते. मग काय झालं ते हळूहळू फुटलं. चिता पेटवून लक्ष्मणराव मागे सरले आणि त्यांचे खांदे हलू लागले. लोकांना वाटलं, रडतात. मग शीळ निघाली. मग गुडघ्यावर थापा. मेहुण्यानं त्यांच्या मुस्कटात मारली तरी हसू थांबेना.

लक्ष्मणरावांच्या घरी सुतक लागलं त्या दिवशी मी माझ्या घरी शिरा केला. मला लाज वाटली नाही.

पुढचा नंबर आमच्या गल्लीतल्या किसनरावांचा. त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला समुद्रपूरकडचे पाहुणे आलेले, पानसुपारी चाललेली, आणि किसनराव मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या तोंडावर हसत सुटले. पाहुणे उठून गेले. मग देवळाचे पुजारी, ऐन आरतीत. मग एक एक करून बरेच. शीळ तीच, गुडघा डावाच.

मी बी.ए. झालेली बाई. अंगात येणं, करणी, असल्या गोष्टींवर मी वर्गात छडी आपटत आले. एकानं जांभई दिली की सगळ्यांना येते, तसं काही असेल, असं मी स्वतःला सांगितलं. गुरुजी वाचतात, लोकांना यांची आठवण येते, लकब उचलली जाते. पण जांभई काय माणसं निवडून लागते? प्रेमदास गुरुजी मोर्शीकडचे, नंतर गावात आलेले. त्यांना काही झालं नाही. शाळकरी पोरांना नाही. बायकांना नाही. ज्यांना लागलं त्यांची तोंडं मी आठवून पाहिली. ते सगळे त्या पोळ्याला तोरणाखाली होते.

मी वाचनालयात जाणं सोडलं नाही. उलट पुढच्या बाकावर बसू लागले. त्या खोलीत आता दोन हसणी असत. एक मोकळं, पोरांचं. आणि त्याच्या खाली दुसरं, नाकातलं, भिंतीच्या कडेनं फिरणारं. हसणारे म्हातारे एकमेकांकडे बघत नसत. आणि शेवटी सगळे थांबले की कोणाच्याही तोंडातून न आलेली एक शीळ जरा वेळ मागे राहत असे. मी तिकडे मान वळवली नाही. पण मला ती गोड वाटे, हेही खरं.

४

बबनराव माझ्याकडे आले ते भर दुपारी, छत्री घेऊन, एकटे. ओसरीवर बसले. हा माणूस वासुदेवरावांच्या फोटोला हार घालून "वासुदेव माझा जिवलग" म्हणून आर्वीच्या सभेत रडला होता. मी पाणी दिलं. वैऱ्यालाही पाणी द्यावं.

"वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलले. नाकातून शीळ आली. डोळे मात्र ढोराचे असतात खाटकाच्या दारात, तसे. "वहिनी, मी नाई हसून राह्यलो."

"मग कोण हसते?"

"तुमाले ठाऊक हाये." थाप. पुन्हा थाप. धोतर त्या जागी विरलं होतं. "झोप नाई मले. काल सोसायटीच्या मीटिंगमंदी लोकायनं मले बाहेर काढलं. सून पोराले घेऊन माहेरी गेली. म्हणते, बुढा बिथरला."

"मग मी काय करू?"

"झडतीचं उत्तर बाकी हाये, वहिनी. वासुदेवानं देल्लं नाई, तं घरच्यानं द्यावं. पोरगा नाई तुमाले. तुमीच या तोरणाखाली. मले काय म्हणायचं ते म्हणा, गाढव म्हणा, गावासमोर. मी हात जोडून उभा राह्यतो. गाव हर बोला करन, अन् फिटन."

"बाई माणूस तोरणाखाली येते काय कधी?"

"आता कोण आडवते?"

त्यांना हे बोलायला केवढा वेळ लागला. मधे मधे हसावं लागत होतं. मी खांबाला टेकून सगळं ऐकलं. तेरा वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती माझ्या ओसरीवर बसली होती, आणि ती मला हातची घालवायची नव्हती.

"बबनराव," मी म्हटलं, "तुमाले तं हसाची लय हौस. हसा अजून."

ते गेले. गल्लीच्या वळणापर्यंत शीळ ऐकू येत होती. मी पोटभर जेवले आणि दुपारी झोपले.

५

कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर समुद्रपूरचं, नवरा एसटीत कंडक्टर, गुणी. माझ्या घरात पुन्हा बांगड्यांचा आवाज आला. तिच्यासाठी मी डिंकाचे लाडू केले, आणि गावात काय चाललंय ते तिच्या कानावर जाऊ नये म्हणून शेजारणींना दम भरला. माझ्या दृष्टीनं तिचा त्याच्याशी संबंध नव्हता. सूड पुरुषांवर होता.

एका दुपारी मी डाळ वाटत होते. मागच्या खोलीतून शीळ आली.

आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. वरवंटा तसाच हातात, आणि मनात आलं, आज यांचं लिखाण जमलं. एवढ्या वर्षांनी घरात तो आवाज! मग मी उठले.

कोकिळा पलंगावर बसली होती. पुस्तक तिच्याजवळ नव्हतंच. खांदे हलत होते, हात गुडघ्यावर पडत होता, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी नाई हसून राह्यली."

तेव्हा मला ती नऊ वर्षांची पोर दिसली, टाळ्या पिटत घरात आलेली.

मी मग यांच्या फोटोसमोर गेले आणि नको ते बोलले. तुमची पोटची पोर आहे, तिला काय कळत होतं, तिला सोडा. बाकीच्यांचं काय करायचं ते करा, माझी ना नाही. फोटोत हे नेहमीसारखे बघत होते, जरा उजवीकडे, फोटोवाल्याच्या मागे काहीतरी असल्यासारखे. मागच्या खोलीत शीळ चालूच होती. यांना माणसं वेगळी काढता येत नव्हती. तोरणाखाली एक गाव हसला होता, आणि यांना फक्त ते हसू ठाऊक होतं.

६

श्रावणात तिला मुलगा झाला. हसू येई, जाई. दूध पाजताना आलं तर ती बाळाला माझ्याकडे देई आणि तोंडात पदर कोंबून घेई.

पोळ्याच्या आदल्या सकाळी मी विसणाचं गार पाणी आणायला उठले. कोकिळा पाटावर पाय लांब करून बसली होती, बाळ पायांवर पालथं, तेल लावून चोपडं केलेलं, शेजारी कढत पाण्याचं घंगाळ. मी पाठ फिरवली आणि मागे शीळ ऐकली. वळले तेव्हा तिचा हात वर गेला होता. डाव्या पायावर बाळ होतं. थाप त्याच्या पाठीवर बसली, तिचे पाय हिसकले, आणि बाळ घंगाळाकडे घसरलं. मी ते धरलं. कसं धरलं मला माहीत नाही. त्याची टाच तेवढी पाण्यात बुडाली. ते कळवळून रडायला लागलं, आणि त्याची आई हसत होती, हसत होती, आणि माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होती.

बाळ कडेवर घेऊन मी बबनरावांच्या दारात गेले. "उद्या येतो मी," मी म्हटलं. "तुमाले माफ करासाठी नाई. माझ्या पोरीसाठी."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी तोरणाखाली गेले. रांगेत बैल उभे होते, झुली घातलेले, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं. पुरुष बाजूला सरले. कोणी अडवलं नाही. बबनराव समोर हात जोडून उभे होते, खांदे हलवत. त्यांच्यामागे लक्ष्मणराव, किसनराव, सगळे. वर्गात बोलायचा आवाज मी काढला.

'पान रे पान, तोरणाचं पान,
वासुदेवाच्या घरचं ऐका देऊन कान!
पुरे झालं हसू, आता मिटवा तोंड,
कापूस गेला घरी, राह्यलं रिकामं बोंड!
एक नमन गौरा पारबती, हर बोला!'

रात्रभर जागून रचलेली होती. बबनरावांना गाढव म्हणणारी ओळ मी गाळली होती. मला फक्त हसू थांबायला हवं होतं, आणि तेवढंच मी मागितलं.

गावानं साथ दिली नाही. तोंडं उघडली होती, दिसत होती. पण आवाज नव्हता. बैलांच्या घंटा थांबल्या. मग साऱ्या रांगेनं माना एकाच बाजूला वळवल्या, माझ्या डाव्या हाताला. तिथे दोन बैलांच्या मधे एक जागा मोकळी होती.

मी बघायला नको होतं. पांढऱ्या सदऱ्याची पाठ दिसली. मान दिसली, ती मान मी पंधरा वर्षं ओळखत होते. माणूस उकिडवा बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसताना तसेच हलत. रडतानाही तसेच हलत असतील. मी यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"हर हर महादेव," एकच आवाज आला. समोरून नाही. माझ्या कानापाशी, थकलेला, ओळखीचा.

मग बैल सुटले आणि धूळ उठली.

७

हसू थांबलं. त्याच संध्याकाळी थांबलं. कोकिळा सलग झोपली, बाळाची टाच चार दिवसांत बरी झाली. बबनरावांची सून परत आली.

पुढच्या रविवारी प्रेमदास गुरुजींनी घोड्याचा भाग पुन्हा वाचला. पोरं हसली. पुढच्या बाकांवरचे म्हातारे मास्तरांपुढं बसल्यासारखे सरळ बसून ऐकत होते. एकाचाही ओठ हलला नाही. वाचन संपल्यावर बबनराव माझ्याजवळ आले. चेहरा स्वच्छ, झोप झालेला.

"वहिनी," त्यांनी हळूच विचारलं, "हे पोट्टे तोंड उघडून आवाज काऊन काढत होते?"

मला वाटलं, टिंगल करतात. पण नाही. त्यांना खरंच कळेना. त्या दिवसापासून त्या माणसांपैकी कोणी हसलेलं मी पाहिलं नाही, पुस्तकावर नाही, तमाशात नाही, नातवंडांच्या बोबड्या बोलावर नाही. त्यांना त्याचं दुःखही नाही. कशाचं दुःख करायचं तेच त्यांना आठवत नाही. आपण हसू लागलो तर ते वाट बघत उभे राहतात, आपण थांबेपर्यंत. माझा सूड पुरा झाला. माझ्या मनात होता त्याहून कितीतरी पुरा.

पुण्याहून परवाच पत्र आलं, सहावी आवृत्ती निघते. लोक हसून लोळतात म्हणे.

कोकिळा या उन्हाळ्यात राहायला आली आहे. संसार नीट आहे. पोराचं खाणंपिणं, औषधपाणी, सगळं वेळेवर, कुठे बोट ठेवायला जागा नाही. नातू आता तीन वर्षांचा होत आला. काल दुपारी ती गहू निवडत बसली होती. तो स्वयंपाकघरात शिरला, माझं पातेलं डोक्यावर घालून बाहेर आला, डोळे तिरळे केले, जीभ काढली आणि तिच्यापुढं नाचू लागला. तिनं मान वर केली. तो आणखी जोरात नाचला. मुद्दाम पडला, उठला, पुन्हा पडला, आणि दर वेळी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दाराआड मला हसू आवरेना.

कोकिळेनं सूप खाली ठेवलं. त्याला जवळ ओढलं, कपाळाला हात लावून पाहिला, पोट दाबून पाहिलं.

"आई," तिनं मला हाक मारली, "याले काय होऊन राह्यलं व? आर्वीले डॉक्टरकडे न्याव लागते काय?"

पोरानं डोक्यावरचं पातेलं काढून खाली ठेवलं.